आधी माणूस, मग आडनाव : इंग्लंडमधल्या साध्या पूर्वजाचा माग

इंग्लंडमधल्या पूर्वजाचा शोध घ्यायला बसलेले बहुतेक जण पहिल्यांदा आडनावाचा अर्थ बघतात. फ्लेचर म्हणजे बाण करणारा, एवढं वाचलं की आपला पूर्वज धनुष्यबाणांचा कारागीर होता असं ठरूनच जातं. सुतावरून स्वर्ग गाठायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. मग 'तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह' विकणाऱ्या एखाद्याकडून ढाल आणि सिंह असलेली चौकट घेतली जाते. इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळतच नाही. ते एका व्यक्तीला दिलं जातं, तिच्या वंशात उतरतं आणि त्याची नोंद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असते. शेतमजुराच्या घराण्यात ते असण्याची शक्यता किती, हे सांगायला नको.

आडनाव सांगतं ते तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कुणा एका माणसाबद्दल. तो तुमच्या खापरपणजोबांचा कोण, हे मधले सगळे दुवे जुळल्याशिवाय कळत नाही. म्हणून काम अलीकडून पलीकडे करायचं, एका वेळी एक पिढी, आणि प्रत्येक पायरीला कागद. आडनावाचा नंबर शेवटी.

१ जुलै १८३७ ही तारीख पाठ करून ठेवावी. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. या नोंदींची सूची तिमाहीप्रमाणे लावलेली आहे आणि तिमाहीला तिच्या शेवटच्या महिन्याचं नाव आहे : मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. ही तिमाही नोंदणीची, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतं आणि आदल्या वर्षात शोधणारा 'नोंदच नाही' म्हणून कपाळाला हात लावतो. अर्थात काही नोंदी खरोखरच झालेल्या नाहीत. १८७५ पासून नोंद न करणाऱ्याला दंडाची तरतूद आली, त्याआधी ढिलाई होती.

जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून दिसतं. या नोंदी सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरच्या सूचीत मात्र ते थेट १८३७ पासून दिलेलं आहे. स्मिथ किंवा ब्राउन शोधणाऱ्याला हा जमीन-अस्मानाचा फरक. त्या सूचीत माहेरच्या आडनावाची जागा रिकामी असेल, तर आई बहुधा अविवाहित होती असं समजावं. फ्री बीएमडी या संकेतस्थळावर जुनी सूची फुकट चाळता येते. दोन्ही सूच्या ताडून बघाव्यात, कारण एकीत वाचनाची चूक असली तर दुसरीत ती असेलच असं नाही.

दाखला हातात आला की तो रकाना-रकाना वाचायचा. जन्मदाखल्यात तारखेसोबत जन्माची वेळही असेल तर ते मूल बहुतेक जुळ्यांपैकी एक. त्याच जिल्ह्याच्या सूचीत त्याच पानावर दुसरं शोधा. आईच्या रकान्यात कधीकधी तीन आडनावं असतात : 'मेरी टकर, पूर्वीची कूपर, मूळची वेब'. म्हणजे ती जन्माने वेब, आधीच्या लग्नाने कूपर आणि आता टकर. हे न कळता लोक टकर-वेब असं लग्न वर्षानुवर्षं शोधत बसतात. ते लागलंय टकर-कूपर असं. १८७५ पासून अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव घालायचं, तर त्याला आईसोबत येऊन सही करावी लागे.

विवाहदाखल्यावर वर आणि वधूच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. आईंची नावं २०२१ पर्यंत नव्हतीच. 'सज्ञान' लिहिलं असेल तर वय २१ किंवा जास्त, एवढाच अर्थ. बापाच्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अनौरस मुलं पाद्र्यासमोर कधी आजोबाचं नाव बापाचं म्हणून सांगत, कधी सावत्र बापाचं, तर कधी चक्क बनवलेलं. साक्षीदारांच्या सह्या लोक वाचतच नाहीत. खरं तर बहीण किंवा मेहुणा अनेकदा तिथेच सापडतो. शिवाय जनरल रजिस्टर ऑफिसकडून येणारी प्रत ही नकलेची नक्कल असते. अस्सल सही किंवा अंगठ्याऐवजी मारलेली फुली चर्चच्या नोंदवहीतच दिसते, आणि ती वही बहुधा काउंटीच्या (म्हणजे तिथल्या मोठ्या जिल्ह्याच्या) रेकॉर्ड ऑफिसमध्ये असते. मृत्यूदाखल्यातलं वय दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं, तेव्हा दोन-चार वर्षांची चूक गृहीतच धरायची.

दाखल्यांना जोड जनगणनेची. ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण देशभर नावानिशी माहिती १८४१ पासून. १८४१ ते १९०१ पर्यंतची जी पानं आपण बघतो ती प्रगणकाने उतरवून काढलेली. घरमालकाने स्वतः भरलेले फॉर्म १९११ पासून जपले गेलेत. १९११ च्या फॉर्मवर लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती गेली हेही विचारलेलं आहे. गेलेल्यांचा आकडा बघून मृत्यूची सूची चाळली की कुटुंबात मधेच दिसणाऱ्या मोकळ्या जागा भरतात. नावानिशी माहिती १०० वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. ही पोकळी २९ सप्टेंबर १९३९ ला केलेल्या राष्ट्रीय रजिस्टरने थोडीफार भरते, आणि त्यात पूर्ण जन्मतारीख मिळते.

१८४१ आणि १८५१ चं गणित नीट समजून घ्यावं, कारण १८३७ च्या भिंतीपलीकडे जायचं दार तिथेच आहे. ६ जून १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. समजा, नैर्ऋत्येकडच्या डेव्हन काउंटीतल्या विल्यम टकर नावाच्या शेतमजुराचं वय २५ लिहिलंय. याचा अर्थ तो २५ ते २९ मधला कितीही वर्षांचा असू शकतो, म्हणजे जन्म जून १८११ ते जून १८१६. नातं लिहिलेलं नाही, आणि जन्मस्थळाच्या जागी फक्त 'याच काउंटीत जन्मला का' याचं हो किंवा नाही. ३० मार्च १८५१ ला तोच माणूस ३७ वर्षांचा दिसतो, आणि आता जन्मगावाची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कारभारातला गावाचा परिसर, लिहिलेली आहे. जन्म १८१३ च्या मार्चअखेरपासून १८१४ च्या मार्चअखेरपर्यंत. पाच वर्षांचं जाळं एका वर्षावर आलं. तरीही १८६१ आणि १८७१ ही बघायचीच, कारण दर वेळी तो वेगळं गाव सांगू शकतो : एकदा गावाचं नाव, एकदा शेजारच्या मोठ्या बाजारपेठेचं. असं झालं की लहान गावावर भरवसा ठेवावा. लहान गाव कुणी उगाच सांगत नाही.

जनगणनेतले शब्द आजच्या अर्थाने घेतले तर फसायला होतं. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगा. आठ वर्षांचा असेल तर अर्थातच सावत्र. 'अॅग लॅब' म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, शेतमजूर. 'नर्स चाइल्ड' म्हणजे पैसे घेऊन सांभाळायला ठेवलेलं परकं मूल, घरातलं नव्हे.

नाव सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा पूर्वज गायब झाला हे नसतं, सूची करणाऱ्याने ध चा मा केलेला असतो. जुन्या लिपीत दोन 'एस'पैकी पहिला लांब काढत. तो 'एफ' किंवा 'पी'सारखा दिसतो, आणि मॉसचा मॉप होतो. मोठा 'एल' आणि मोठा 'एस', 'टी' आणि 'एफ' हेही एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. बोलण्यात 'ह' गाळणाऱ्या भागात हॉस्किन्स ऑस्किन्स म्हणून लिहिला जातो. अशा वेळी आडनावाचा रकाना कोरा सोडा. पहिलं नाव, वय दोन वर्षं इकडेतिकडे आणि जन्माची पॅरिश घालून शोधा. बायको किंवा मुलांपैकी एखादं वेगळं नाव असेल तर त्यावरून आणखी लवकर सापडतं. विल्यम शंभर असतील, केझाया एखादीच.

१८३७ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या लागतात. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम काढला. सुरुवातीच्या वह्या फार थोड्या ठिकाणी उरल्यात. १५९८ पासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची होती. मूळ वही उंदरांनी खाल्ली किंवा ओलीने गेली असेल तर ती नक्कल कामाला येते. दोन्ही असतील तर दोन्ही वाचाव्यात, कारण काही ठिकाणी नक्कल करताना पाद्र्याने मुळात नसलेला तपशील घातलेला आढळतो.

तीन तारखा इथे कळीच्या. २५ मार्च १७५४ पासून विवाहाला छापील फॉर्म, सह्या आणि साक्षीदार आले. तेव्हापासून क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच लग्न करावं लागे, त्यामुळे इतर पंथांचे लोकही त्या वह्यांत सापडतात. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्म्यालाही छापील फॉर्म आला आणि बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण यांचे रकाने झाले. त्याआधी बहुतेक ठिकाणी 'विल्यम, जॉन आणि मेरी यांचा मुलगा' एवढ्यावर बोळवण. आणि १७५२ : तोपर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. १० फेब्रुवारी १७२३ अशी नोंद आजच्या हिशेबाने १७२४ ची. वहीत लिहिलंय तसंच उतरवा आणि शेजारी १७२३/२४ असं लिहा. असं केलं नाही तर लग्नाच्या आधी पहिलं मूल जन्मल्याचा खोटा घोटाळा उभा राहतो. १६४० आणि १६५० च्या दशकांत, यादवी युद्धाच्या धामधुमीत, बऱ्याच वह्यांत मोठी भगदाडं आहेत. तिथे पाय घसरणार हे धरून चालावं.

आपल्या विल्यम टकरकडे परत. त्या पॅरिशमध्ये एक विल्यम टकर १८१३ च्या मेमध्ये आणि दुसरा १८१४ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा झालेला सापडतो, दोघांचे बाप वेगळे. इथे पुष्कळ जण आवडेल तो उचलतात आणि पुढची दोनशे वर्षं दुसऱ्याच घराण्याची वंशावळ लिहून मोकळे होतात. करायचं असं की दोघांनाही पुढे चालवायचं. दफनाच्या वहीत एखादा १८१५ मध्ये 'वय १' म्हणून गेला का? (१८१३ नंतर दफनात वय लिहिलेलं असतं.) दुसऱ्याचं लग्न कुठे झालं? १८५१ मध्ये दोघेही जिवंत असतील तर दोघांची घरं वेगळी सापडायला हवीत. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत, तेव्हा एकाच जोडप्याला दोन विल्यम असणं नवलाचं नाही; पहिल्याचं दफन शोधायचं. आणि बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. एकाच दिवशी चार भावंडांचा उरकलेला बाप्तिस्मा पुष्कळदा दिसतो. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेनींचा कर होता, त्याच्या आधी आणि नंतर तर खासच.

लग्न सापडलं नाही तर वधूच्या पॅरिशमध्ये बघा, मग दहा-बारा मैलांच्या वर्तुळात. पहिलं मूल बऱ्याचदा आजोळच्या चर्चमध्ये असतं.

साध्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त बोलणारे कागद मात्र चर्चचे नाहीत, गरिबांच्या मदतीचे आहेत. आणि नेमके तेच लोक सोडून देतात. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाची एक 'हक्काची' पॅरिश ठरली. अडचणीत मदत करायची जबाबदारी तिची. म्हणून परक्या गावात कुणी आजारी पडलं, विधवा झालं किंवा गरोदर राहिलं की गावचे पंच पहिला प्रश्न विचारत : हा कुणाच्या खर्चात? न्यायाधीशांसमोर त्या माणसाची चौकशी होई आणि त्याचा जबाब लिहून घेतला जाई. कुठे जन्मला, कुणाकडे उमेदवारी केली, कुणाच्या शेतावर किती महिने राहिला, मजुरी काय मिळाली, लग्न कुठे झालं, मुलं किती वर्षांची. लिहिता न येणाऱ्या माणसाचं आत्मचरित्र म्हणावं असा हा एक कागद. त्याच्यामागे हकालपट्टीचा हुकूम असेल तर त्यात बायकोमुलांची नावं आणि वयंही येतात.

हक्क मिळवण्याचे मार्ग ठरलेले होते : तिथे उमेदवारी पुरी करणं, वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेणं, अविवाहित असताना सलग एक वर्ष चाकरी करणं. हे शेवटचं कळल्यावर एक कोडं सुटतं. पुष्कळ मजूर ५१ आठवड्यांच्या करारावर ठेवलेले दिसतात. वर्ष पुरं होऊ दिलं असतं तर आजारपणात त्याचा भार गावावर आला असता. अनौरस मुलाच्या बाबतीत पंच आईला बापाचं नाव विचारत आणि त्याच्याकडून पोटगीचं हमीपत्र लिहून घेत. चर्चच्या वहीत फक्त 'अनौरस' असलेल्या मुलाचा बाप इथे नावगावासह मिळू शकतो. हे सगळं पॅरिशच्या पेटीतले कागद म्हणून काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतं. बरंचसं अजून इंटरनेटवर आलेलं नाही, पण सूची बहुधा नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्याच्या डिस्कव्हरी या शोधयंत्रात सापडते. १८३४ नंतर मदतीचा कारभार पॅरिशांच्या संघांकडे आणि वर्कहाउसकडे (गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या घरांकडे) गेला, तेव्हा त्या संघाचे कागद बघायचे.

मृत्युपत्रं मजुरांची क्वचित मिळतात, पण छोट्या शेतकऱ्याची, सुताराची, विधवेची मिळतात. १२ जानेवारी १८५८ च्या आधीची चर्चच्या न्यायालयांत, नंतरची एकाच राष्ट्रीय सूचीत. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवापुस्तिकांचा मोठा भाग १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, तेव्हा ती सापडली नाही तर पदकांची कार्डं बघावीत.

आता आडनाव. एव्हाना हातात तीन गोष्टी असायला हव्यात : साखळीतला सगळ्यात जुना माणूस, त्याची पॅरिश आणि त्या परिसरात त्या आडनावाचं लिखाण कसकसं बदलत गेलं. याशिवाय अर्थ लावणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. शेक्सपिअरच्या आजवर टिकलेल्या सहा सह्यांतसुद्धा स्पेलिंग एकसारखं नाही. 'आमचं आडनाव शेवटी ई असलेलं, ते लोक वेगळे' या म्हणण्याला एकोणिसाव्या शतकापूर्वी काही अर्थ नाही.

बहुतेक इंग्रज आडनावं चार घराण्यांतली : गावावरून किंवा जागेवरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ती हळूहळू वंशपरंपरागत झाली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक ठिकाणी स्थिरावली, उत्तरेत जरा उशिरा. धंद्याची आडनावं प्रदेश कशी सांगतात याचा टकर हाच नमुना. विणून आलेलं लोकरी कापड ओल्या मातीत किंवा कुजवलेल्या मुतात भिजवून तुडवत, म्हणजे ते स्वच्छ आणि घट्ट होई. हे काम करणाऱ्याला आग्नेयेत आणि ईस्ट अँग्लियात फुलर म्हणत, नैर्ऋत्येत टकर, आणि उत्तरेकडे व मिडलँड्समध्ये वॉकर, कारण तो कापडावर चालायचा. एकच काम, तीन आडनावं. म्हणून डेव्हनमधला टकर हा घरचाच, आणि यॉर्कशरमधला टकर आढळला तर तो कुठून आला हे शोधावं लागेल.

बापाच्या नावातही दिशा लपलेली असते. जॉन्सन, रॉबिन्सन अशी 'सन' लावलेली नावं उत्तरेत दाट. नुसता 'एस' लावलेली रॉबर्ट्स, विल्यम्स दक्षिणेत आणि वेल्सच्या सीमेकडे. रॉबर्टचे लाडके रूप हॉब आणि डॉब, त्यातून हॉबसन, डॉबसन, हॉपकिन्स. जागेवरच्या नावांत 'अॅटन अॅश', म्हणजे अॅशच्या झाडापाशी राहणारा, यातला 'न' पुढे सरकून नॅश झाला. ओकच्या झाडांपाशी राहणाऱ्याचा नोक्स.

गावावरून पडलेलं आडनाव तो माणूस त्या गावात राहत होता असं सांगत नाही, तिथून निघून आला असं सांगतं. गावातल्या सगळ्यांनाच त्या गावाच्या नावाने कोण हाक मारणार? सटन किंवा नॉर्टन नावाची गावं डझनांनी आहेत, त्यामुळे तिथे नकाशा उघडून उपयोग नाही. सटक्लिफसारखं आडनाव मात्र वेस्ट यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स परिसरातच एकवटलेलं दिसतं. १८८१ च्या जनगणनेवरून केलेले आडनावांचे नकाशे हे दाखवतात. तुमच्या आडनावाचा ठिपका एकाच कोपऱ्यात दाट असेल तर नशीब थोर.

सरळ दिसणारे अर्थ फसवतात. फार्मर शेतकरी नव्हता. तो कराची वसुली ठेक्याने घेणारा. कॉवर्ड भित्रा नव्हता, गुराखी होता. किंग, पोप, बिशप या आडनावांचे पूर्वज बहुधा गावच्या नाटकात ती सोंगं घेणारे किंवा तसा तोरा मिरवणारे. वेबस्टर आणि बॅक्स्टर ही मुळात विणणाऱ्या आणि पाव भाजणाऱ्या बायकांची नावं.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच, म्हणून दुर्मीळ आडनावाच्या दोन घराण्यांचं मूळ एक का हे तपासायला त्याची चाचणी उपयोगी पडते. स्मिथसाठी नाही; स्मिथ म्हणजे लोहार, आणि तो प्रत्येक गावात होता. आणि न जुळणारा निकाल म्हणजे कागद खोटे असंही नाही. एखाद्या विधवेने मुलासह दुसरं लग्न केलं आणि मुलाने सावत्र बापाचं आडनाव लावलं, एवढंही पुरतं.

चर्चच्या वह्या संपल्या आणि अजून मागे जायचं असेल, तर मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायालयाच्या गुंडाळ्या उरतात. मॅनरकडून कसायला घेतलेली जमीन बापाकडून मुलाकडे गेली की तिथे नोंद व्हायची, त्यामुळे पाच-सहा पिढ्या एका दमात मिळू शकतात. १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये : विल्यमचा गुलिएल्मस, जेम्सचा जेकोबस. कुठल्या मॅनरच्या गुंडाळ्या कुठे ठेवल्यात हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये बघता येतं. आधी आपली पॅरिश कोणत्या मॅनरमध्ये होती ते शोधा. एका पॅरिशमध्ये दोन-तीन मॅनर असू शकतात आणि टकर नेमका दुसऱ्यात असतो.